औजारांच्या ओळीतली एसएसडी

माझा जुना लॅपटॉप चालू व्हायला जो वेळ घ्यायचा, त्या वेळात मी कुकर लावून, मुलीची वेणी घालून परत येत असे, आणि परत आले तरी पडद्यावरचं ते गोल कडं फिरतच असायचं. एरवी मला त्याचं काही वाटत नव्हतं. घरातली बाई दिवसभर कशाची ना कशाची वाट बघतच असते, त्यात आणखी एकाची भर. पण ती परीक्षा बुडाली आणि माझी सहनशक्ती संपली.

माझं माहेर नेऱ्याचं. लग्नाआधी मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वभावाला साजेसं काम होतं, असं माझा नवरा म्हणतो. लग्न होऊन भऱ्याला आले, काही दिवस भरे ते हिंजवडी अशी धावपळ केली, मग मुलगी झाली आणि नोकरी सुटली. मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर मी घरून करता येईल असं काम शोधायला लागले. एका कंपनीने बोलावलं. त्यांची परीक्षा घरीच द्यायची, पण कॅमेरा चालू ठेवून, आणि मध्ये मशीन बंद पडलं तर पेपर आपोआप संपणार. माझा पेपर अर्ध्यावर असताना लॅपटॉप जो गपगार झाला तो झालाच. परत चालू होईपर्यंत पडद्यावर आभाराचा मजकूर आलेला होता.

मी त्यांना लिहिलं, विनवलं. त्यांनी आणखी एक संधी दिली, दसरा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी. यापुढे संधी मिळणार नाही, हेही त्यांनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

नवरा पिरंगुटला एका कारखान्यात तपासनीस आहे, पाळीवर जातो. तो म्हणाला, नवीन लॅपटॉपच घेऊ, हप्त्याने. मी नाही म्हणाले. जी नोकरी अजून लागलेली नाही तिच्या भरवशावर हप्ते लावून घ्यायचे, हे मला पटेना. शिवाय लॅपटॉप तसा ठणठणीत होता. आजार एकच, आतली जुनी फिरणारी हार्ड डिस्क. ती काढून तिथे एसएसडी बसवली की काम झालं. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे मशीन पटकन उठतं. फक्त ती स्वस्तात हवी होती आणि दगा देणारी नको होती. या दोन गोष्टी एकत्र शोधायला गेलं की माणसाला अक्कल येते.

घरात मी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. आत्या म्हणाल्या, "खोल्यांचं भाडं येतंय. काय अडलंय तुजं?" पुढे काही नाही. आमच्या घराच्या मागे कारखान्यांतल्या पोरांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत, आणि त्यांचं सगळं राज्य आत्यांच्या हातात. पाण्याची मोटार कधी लावायची, कोणाचा पाहुणा किती दिवस राहायचा, मटण शिजवलं तर वास कुठवर जायचा, हे त्या ठरवतात. त्यांचा प्रश्न मी नकार म्हणूनच घेतला आणि मनात ठेवला. माझ्या मनात असलं काही गेलं की लवकर बाहेर निघत नाही.

मग मी शोधायला बसले. आधी पिरंगुटच्या बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने खोक्याशिवाय, नुसत्या बुडबुड्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक एसएसडी काढून समोर ठेवली. नाव असं की कधी ऐकलेलं नाही, वर उड्डाण करणाऱ्या रॉकेटचं चित्र. वॉरंटी विचारली तर म्हणाला, "मॅडम, मीच वॉरंटी. हितंच बसलेलो असतो." पक्कं बिल मागितलं तर त्याचा चेहरा बदलला. मी नमस्कार करून बाहेर पडले.

मग फोनवर. ऑनलाइन दुकानांत हजारो लोक मत देऊन गेलेले असतात. त्यातले पाच तारेवाले बहुतेक सगळे आदल्या दिवशी माल मिळालेले. "कालच आली, मस्त चालते आहे." अरे बाबा, काल आलेली सून पण मस्तच चालते, वर्षाने सांग. म्हणून मी फक्त एकच तारा देणाऱ्यांची मतं वाचायची ठरवली, आणि त्यातही जो घेऊन वर्ष उलटल्यावर परत येऊन लिहितो त्याचीच. असा माणूस खरा दुखावलेला असतो. तो खोटं बोलायला परत येत नाही.

त्या दुखावलेल्यांकडून मला बरंच कळलं. नाव अनोळखी, माहिती साठवायची जागा फार आणि किंमत फार कमी असेल तर ती जागा खोटी असते. एकाच नावाने विकली जाणारी एसएसडी आतून दोन वेगवेगळ्या प्रकारची असू शकते, पहिली खेप चांगली आणि मग हळूच स्वस्तातले भाग. कंपनी किती वर्षांची हमी देते आणि तिच्यावर एकूण किती माहिती लिहिली तरी ती टिकेल असं सांगते, यावरून तिचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते समजतं. आणि बिघडली तर ती नेऊन द्यायला पुण्यात जागा आहे का, की सगळा कारभार ईमेलवर, हेही बघायचं. स्वयंपाक करताना, मुलीला झोपवताना, दळण आणायला गेले तरी गिरणीत उभी राहून मी तेच वाचत होते. नवरा म्हणाला, माझं स्थळ बघताना एवढी चौकशी केली होतीस का? मी म्हटलं, तेव्हा मतं वाचायची सोय नव्हती.

शेवटी एक ठरवली. कंपनी जुनी, जागा गरजेपुरती, हमी भरपूर, पुण्यात दुरुस्तीकेंद्र. तिच्याबद्दल वाईट बोलणारेसुद्धा कुरिअरवाल्याच्या नावानेच रडत होते, डिस्कच्या नावाने नाही. हे मला सगळ्यात आवडलं.

ती आली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. कुरिअरचा माणूस नेहमीप्रमाणे फाट्यावरूनच फोन करून परत जायच्या बेतात होता. आत्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन त्याला असं काही सुनावलं की तो मुकाट्याने दारात आला. मी खोकं उघडून एसएसडी बाहेर काढली तर आत्यांनी ती तळहातावर घेऊन तोलून बघितली. वजनाला काहीच नव्हती. एवढ्याशा डबीसाठी इतके दिवस फोनमध्ये डोकं घालून बसलीस व्हय, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी समजावलं, लॅपटॉपचं बाकी सगळं ठीक आहे, काम करणारा भाग हाच, हा चांगला तर सगळं चांगलं.

"म्हंजी कोयत्याचं पातं," त्या म्हणाल्या. "मूठ जुनी, पातं नवं."

तसंच काहीसं, असं म्हणून मी ती खोक्यात ठेवली आणि विषय संपवला.

खंडेनवमीला आमच्या ओसरीवर औजारं मांडतात. मामांचा त्याबाबत एक नियम आहे, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. कमावतं ते औजार. जे घरात चार पैसे आणतं तेच पाटावर बसणार, बाकीच्यांनी आपापल्या जागी राहायचं. त्यामुळे ओळीत कोयता, कुदळ, पहार, ट्रॅक्टरची किल्ली आणि अलीकडे माझ्या नवऱ्याचं मोजमापाचं व्हर्नियर असतं. विळी, पोळपाट, शिलाईचं मशीन यांना जागा नाही. मला पहिल्या वर्षी याचा राग आला होता. मग सवय झाली.

त्या सकाळी मी पूजेला नव्हते. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू इतके बारीक की नवऱ्याच्या पेटीतला एकही पेचकस त्यांना लागत नव्हता. तसा बारीक पेचकस आणायला आणि दुकानातून नवीन सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह घ्यायला मी पिरंगुटला गेले. सणामुळे रस्त्यावर ही गर्दी. झेंडूच्या ढिगांनी अर्धा रस्ता अडवलेला, उरलेल्या अर्ध्यात गाड्या. घरी पोचले तर पूजा उरकली होती, ओसरीवर पाकळ्यांचा सडा आणि मामा नारळ फोडून खोबऱ्याचे तुकडे वाटत होते.

दुपारी मी सामान घेऊन बसायला लागले तर आत्या म्हणाल्या, आज नको खोलूस, उद्या दसऱ्याला लाव. मी म्हटलं, परवा पेपर आहे. त्या म्हणाल्या, एका दिवसानं काय हुतंय. हे दुसऱ्यांदा झालं. आधी काय अडलंय, आता उद्या लाव. मी लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढायला घेतले.

जुनी डिस्क काढली, नवी सरकवली, तळ बसवला, पेनड्राइव्ह लावून चालू केलं. सिस्टीम कोणत्या डिस्कवर बसवायची ते विचारणारा पडदा आला आणि त्यावर डिस्कची यादी कोरी. एसएसडी आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. मी बंद केलं, उघडलं, पुन्हा बसवलं. तेच. संध्याकाळी नवरा आला, त्याने उजेड धरला आणि उलटी तर बसवली नाहीस ना, असं विचारलं. उलटी बसतच नाही, हे मी ज्या आवाजात सांगितलं त्यानंतर तो फक्त उजेड धरून राहिला. मी जुनी डिस्क परत लावली. ती रडतखडत चालू झाली. म्हणजे लॅपटॉप ठीक होता. मेली होती ती नवी.

दसऱ्याच्या सकाळी मी तणतणतच उठले. इतके दिवस वाचलं, पारखलं, आणि पदरात हे पडलं. उद्या पेपर, आज सगळीकडे सण, बदली माल यायला आठवडा जाणार. मी आधी त्या दुकानाच्या पानावर जाऊन एक तारा दिला आणि लिहिलं की विश्वासाची म्हणून घेतली होती, लावल्या लावल्या मेलेली निघाली, कोणी घेऊ नका. मग परत करायचा अर्ज भरायला घेतला. त्यासाठी वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो मागत होते. मी एसएसडी खिडकीच्या उजेडात धरली, फोटो काढले, आणि क्रमांक नीट वाचता येतो का ते बघायला फोनवर मोठे करून पाहिले.

एसएसडीच्या एका कडेला एक खाच असते, तिच्या आत बारीक सोनेरी पट्ट्या. लॅपटॉपशी जोड होते ती तिथेच. फोटोत त्या पट्ट्या सोनेरी नव्हत्या. त्यांच्यावर वाळलेल्या हळदीचा थर होता, मधोमध कुंकू, आणि खाचेच्या कोपऱ्यात झेंडूची पाकळी चिणून बसलेली.

मी एसएसडी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्या पुऱ्या तळत होत्या.

"आत्या, ह्याला हळदकुंकू लावलंत?"

"लावलं."

"कशाला?"

"औजार हाय न्हवं ते तुजं. समद्यांचं मांडलं, तुजं बी ठिवलं."

त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. डबी काळीकुट्ट, कुठे लावावं कळेना. एका बाजूला सोन्यासारखं चमकत होतं, तेच तोंड असेल म्हणून तिथे बोट टेकवलं. हळद ओली होती. पूजा झाल्यावर मी कुरकुर करणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून वरून पदराने स्वच्छ पुसून खोक्यात जशीच्या तशी ठेवली. पूजलेलं औजार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हणून उद्या लाव म्हणाल्या होत्या. त्यांच्या सांगण्यात कुठे काही चुकल्याचा सूर नव्हता.

माझ्या डोक्यात मात्र इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. मी म्हणाले, "तुम्हाला मी नोकरी करायला नकोच होती. झालं आता मनासारखं."

आत्यांनी कढईतली पुरी उलटली. तेलातून काढून चाळणीत टाकली. मी तिथे थांबले नाही.

मुलीच्या पाटीदप्तरातलं खोडरबर घेतलं, एक कोरडा टूथब्रश घेतला आणि ओसरीवर उजेडात बसले. पाकळी सुईने काढली. पट्ट्या खोडरबराने एकेक घासल्या, जोर न लावता, आणि ब्रशने भुगा झाडला. पिवळं खोडरबर अजून पिवळं झालं. सोनं परत दिसायला लागल्यावर एसएसडी आत सरकवली आणि चालू केलं. यादीत तिचं नाव आलं. मी ते नाव उगीचच मोठ्याने वाचलं. मुलीला वाटलं मी तिला काही सांगते आहे.

जेवणं व्हायच्या आत सगळं बसवून झालं. नंतर मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर तो मी उठायच्या आधीच तयार. असं तीनचार वेळा उगीचच करून बघितलं. एका ताऱ्याचं ते मत मी काढून टाकलं. त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. पण इतके दिवस ज्या दुखावलेल्या लोकांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता, त्यांच्यातल्या कितींच्या घरी असं काही झालं असेल, हा विचार मनात आलाच.

दुसऱ्या दिवशी पेपर दिला. खोलीत कोणी यायचं नाही, आवाज नको, असा नियम होता. मुलीला घेऊन आत्या बाहेर पायरीवर बसल्या. मोटार लावली की आमच्याकडे दिवे मंद होतात, म्हणून मोटार बंद. भाडेकरूंतला एक पोरगा पाणी नाही म्हणून तक्रार घेऊन आला तर त्याला त्यांनी आपल्या हिंदीत परतवलं. "बहू का पेपर हाय, पानी बाद में." ते मला दाराआडून ऐकू आलं आणि पडद्यावरचा प्रश्न दोनदा वाचावा लागला. लॅपटॉप एकदाही अडकला नाही.

आदल्या दिवशीच्या बोलण्याबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी धुणी, भांडी आणि दळण यांच्याखाली जातात.

काही दिवसांनी कंपनीचा फोन आला. घेतलं म्हणाले. नवरा कामावर, त्याचा फोन लॉकरमध्ये. मी मागे खोल्यांकडे गेले. आत्या एका भाडेकरूला चप्पल कुठे काढायची त्यावरून झापत होत्या. मी सांगितलं, नोकरी लागली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पोरीला शाळंतनं कोन आननार मग? मीच आनीन." आणि परत चपलेकडे वळल्या. मला वाईट वाटलं. आणखी काय व्हायला हवं होतं ते मलाही सांगता आलं नसतं, पण वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो. नवऱ्याने मामांना बातमी दिली. मामा खूश झाले आणि हसायलाच लागले. कशाला हसता, असं विचारलं तर म्हणाले, नवमीला तुझ्या आईची अन् माझी ओसरीवर जुंपली होती. ही ती काळी डबी घेऊन आली आणि कोयत्याशेजारी पाटावर ठेवायला लागली. मी हात धरला. म्हटलं, आपल्या घरचा कायदा काय हाय? कमावतं ते औजार. ही डबी काय कमावतीय?

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग काय. म्हनली, 'कमावंल.' अन् ठिवली."

आत्या म्हणाल्या, गप जेवा आता, भाकरी गार होतीय.

माझा घास हातातच राहिला. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. माझी नोकरी अजून कुठेच नव्हती, परीक्षा एकदा बुडालेली होती, आणि या बाईने आपल्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा कायदा मोडून माझी वस्तू ओळीत बसवली होती. हे सगळं करून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी कढईसमोर उभं राहून, त्यांनी माझं ते बोलणं ऐकून घेतलं होतं.

आत्यांनी माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली. मी नको म्हणाले नाही.